आठ आडव्या रेघा

मी सूड उगवायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून लोक म्हणाले, पोर भावनेच्या भरात बोलून गेली. भर कसला आलाय? पाच आठवडे मी त्या तीन मिनिटांची तयारी करत होते. आईच्या पायांचा व्यायाम घेताना, भांडी विसळताना, बसच्या थांब्यावर, तीच वाक्यं घोळवत होते. गिलियन थ्रेलफॉलच्या गळ्यात मेडल पडलेलं असताना, भर सभेत, तिला मान खाली घालायला लावायची. एवढंच मला हवं होतं.

मी कीली ओल्डरॉइड. नऊ वर्षांची होते तेव्हा आईच्या पायांतलं बळ जायला लागलं आणि मग हातांतलं. मज्जातंतूंचा आजार आहे, बरा होत नाही, नुसता वाढतो. बाबा त्याच वर्षी डॉनकास्टरला ‘थोडे दिवस’ राहायला गेला, तो गेलाच. तेव्हापासून आईला उठवणं, अंघोळ घालणं, गोळ्या, स्वयंपाक, सगळं माझ्याकडे. त्याचं मला वाईट वाटत नाही. आई माझी आहे, आणि बार्नस्लीत तिच्याइतकी वात्रट बाई दुसरी नाही. राग यायचा तो एका प्रश्नाचा. डॉक्टर, शाळेतल्या बाई, शेजारची मॉरीन, दुकानातला माणूस, जो तो मला बघून एकच विचारायचा, “आई कशी आहे?”

दुसरा प्रश्न विचारणारी पहिली बाई म्हणजे गिलियन.

घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या पोरांसाठी ती बुधवारचा क्लब चालवायची. चर्चच्या मागचा हॉल, चार ते सहा, आम्ही अकराजणं. टेबल टेनिसच्या दोन बॅटी, त्यातल्या एकीचं रबर सोललेलं. मधोमध ताटभर चिप्स, त्यावर तळणीतला कुरकुरीत चुरा आणि व्हिनेगर. तिथं कुणाला काही समजावून सांगावं लागायचं नाही. खेळताना कुणाचा फोन वाजला की त्याने बॅट ठेवून घरी पळायचं, आणि पुढच्या बुधवारी त्याचा डाव होता तिथूनच सुरू करायचा, हा आमचा नियम. माझा एक डाव तीन बुधवार चालला होता.

सहा वाजता गिलियन सगळ्यांना मिनीबसने घरी सोडायची. मी शेवटची. आमच्या दारापुढे ती इंजिन बंद करायची, वळायची आणि म्हणायची, “आई राहू दे. तू कशी आहेस?” पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी जी रडायला लागले ती थांबेचना. तिने नुसता रुमाल पुढे केला. मग हळूहळू मी बोलायला शिकले. आठवडाभर मनात साठवून ठेवायचं आणि बुधवारी सहा वाजून वीस मिनिटांनी ओतायचं.

कधीकधी ती आत यायची, आईबरोबर चहा घ्यायची. सहलीच्या परवानगीच्या कागदावर आईची सही लागायची. आईचा हात थरथरायचा, पेन कागदभर नाचायचं. “जॅनीन, ही सही आहे की भूकंप?” असं गिलियन म्हणायची, आणि दोघी खो खो हसायच्या.

मग दोन हजार वीसचा मार्च आला.

आईला सरकारचं पत्र आलं की बाराएक आठवडे घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. सकाळी तासभर मदतीला येणारी बाई त्याच आठवड्यात बंद झाली. शाळा बंद. मी चौदा वर्षांची. आईला काही झालं तर ते माझ्यामुळे, मी बाहेरून आणलेल्या पावाच्या पुड्यामुळे, या भीतीने मी दुधाची बाटलीसुद्धा साबणाने धुवायचे. दुकानात सकाळचा एक तास ‘केअरर’, म्हणजे आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या मंडळींसाठी राखून ठेवला होता. मी रांगेत उभी राहिले. दारावरच्या माणसाने हात आडवा धरला.

“कार्ड दाखव.”

“कार्ड नाहीये. मी आईला सांभाळते.”

“केअरर म्हणजे मोठी माणसं गं, पोरी. आईला पाठव जा.”

“तिला चालता येत असतं तर मी कशाला आले असते?”

मागे कुणीतरी हसलं. मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. तो गुरुवार होता. संध्याकाळी आठ वाजता सगळी गल्ली दारात येऊन केअरर लोकांसाठी टाळ्या वाजवायला लागली. मॉरीन तर पातेलं बडवत होती. मी तेव्हा आईला कमोडवरून खुर्चीत घेत होते आणि माझे हात मोकळे नव्हते. आई माझ्या कानात म्हणाली, “ऐक, तुझ्यासाठीच चाललंय बघ.” मी म्हटलं, “मग त्यांना सांग, पातेलं ठेवा आणि माझा डावा पाय धरा.”

क्लब कॉम्प्युटरच्या पडद्यावर आला. गिलियन चार बुधवार दिसली, अकरा चौकटींच्या मधोमध. तिथं “तू कशी आहेस” विचारलं तरी आई शेजारच्या खोलीत ऐकत असायची, काय सांगणार? मी म्हणायचे, “मजेत.” पाचव्या बुधवारी पडदा उघडलाच नाही. गिलियन चर्चच्या हॉलमध्ये अन्नाच्या खोक्यांचं काम बघत होती. पेपरात तिचा फोटो आला, पाठीमागे छतापर्यंत खोकी. आमचं टेबल टेनिसचं टेबल त्या खोक्यांखाली दबलेलं मी ओळखलं.

मे महिन्यात तिच्याकडून टपालाने एक कागद आला. नऊ प्रश्न, प्रत्येकापुढे चौकट. एक म्हणजे अजिबात नाही, सात म्हणजे पुरेपूर. तुझ्याकडे कुणाचं लक्ष आहे असं वाटतं का? मोकळेपणी बोलायला कुणी आहे का? निर्धास्त झोप लागते का? स्वतःसाठी वेळ मिळतो का? मी कागद घेऊन जिन्यावर बसले. मला वाटलं, ही गाडीच आहे. इंजिन बंद झालंय आणि ती वळून विचारतेय. निळ्या पेनने मी खरं लिहिलं. एक. एक. एक. इतका दाबून लिहिला की कागदामागे उमटला. कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. पाकीट आईने चिकटवलं. पाकिटं चिकटवणं हे तिचं काम होतं. “जीभ तरी अजून माझं ऐकते,” म्हणायची. मी जाऊन ते पेटीत टाकलं आणि वाट बघायला लागले.

जून गेला, जुलै गेला. खाली इंजिनाचा आवाज आला की मी पडदा बाजूला करायचे. सप्टेंबरमध्ये पत्र आलं. ‘तुम्ही सगळे इतकं छान निभावत आहात, हे तुमच्याच उत्तरांवरून दिसतं. त्यामुळे क्लब थांबवत आहोत. तुमचा अभिमान वाटतो.’ खाली गिलियनचं नाव आणि हसरा चेहरा काढलेला.

छान निभावत आहात. मी ते वाचलं तेव्हा चार दिवस केस विंचरले नव्हते. मला वाटलं, बाकीच्या दहांनी मोठे आकडे दिले असतील, माझा एक बिचारा त्यांत बुडाला. मी स्वतःवरच चिडले, कारण मीच तेवढी रडकी निघाले. दोन वर्षं तसंच वाटत राहिलं. त्या दोन वर्षांत मला कुणी तो प्रश्न विचारला नाही, आणि शेवटी शेवटी तर मीही स्वतःला विचारायचं सोडलं.

दोन हजार बावीसच्या ऑगस्टमध्ये गिलियनचा फोन आला. आवाज तोच, मधाळ.

“कीली, सोन्या! ओळखलंस का? टाऊन हॉलमध्ये कार्यक्रम आहे. साथीच्या काळातल्या कामाबद्दल मला मेडल देतायत, बघ ना, मला कशाला! तू क्लबच्या वतीने तीन मिनिटं बोलशील?”

“बघते.”

“आई कशी आहे?”

मी फोन ठेवला. दोन दिवसांनी तिने कार्यक्रमाचं पत्रक पाठवलं. त्यात लिहिलं होतं, ‘टाळेबंदीतही आमच्या अकराच्या अकरा मुलांनी आपण उत्तम असल्याचं सांगितलं.’

अकराच्या अकरा? मी तर एक लिहिला होता, दाबून.

आमच्याकडे कायदा आहे, आपल्याविषयीचे कागद मागितले की महिन्याच्या आत द्यावेच लागतात. मी मागितले. खाकी पाकिटातून माझ्या त्या कागदाची रंगीत प्रत आली. नऊच्या नऊ चौकटींत सात. आमच्या इंग्रजी आकड्यांत एकाच्या डोक्यावर आडवी रेघ मारली की सात होतो. माझे एक निळे होते, रेघा काळ्या. आठ काळ्या रेघा, वेड्यावाकड्या, चोरी करताना हात कापावा तशा. फक्त नववा सात अख्खा निळा होता, तो माझाच होता. पण त्या दिवशी माझं लक्ष आठांवरच होतं. मी खुर्चीत बसले आणि मोठ्याने म्हटलं, “सटवे, सापडलीस.”

तिला फोन करून जाब विचारता आला असता. पण तेवढ्याने माझं पोट भरणार नव्हतं. तिने आम्हाला अकराजणांना गुपचूप पुसून टाकलं होतं, मला ते सगळ्यांसमोर परत लिहायचं होतं. मी तिला कळवलं, बोलते. आईला कागद दाखवला नाही. म्हटलं, तिला समोर बसवू आणि मजा बघू दे. तिचीही दोन वर्षं गेली होती की.

कार्यक्रम शनिवारी दुपारी दोनला होता. आईचा हिरवा ब्लाउज इस्त्री केला, तिला लिपस्टिक लावली. “बोलणार काय आहेस?” तिने तीनदा विचारलं. “ऐकशीलच,” मी म्हटलं. चाकाच्या खुर्चीला पहिल्या रांगेतच जागा असते, त्यामुळे आई अगदी समोर. हॉलमध्ये दोनेकशे माणसं होती. मॉरीनसुद्धा आली होती, पातेल्याशिवाय. महापौरांनी गिलियनच्या गळ्यात मेडल घातलं, टाळ्या झाल्या, आणि माझं नाव पुकारलं.

मी माईकपुढे गेले.

“आम्ही अकराजणं होतो,” मी म्हटलं. “गिलियननी आम्हाला बुधवार दिला, आणि मग तो काढून घेतला. पत्रकात लिहिलंय की आम्ही अकराच्या अकरा उत्तम होतो. हा माझा कागद.” मी तो उलगडून धरला. “मी एक लिहिलं होतं. निळ्या पेनने. कुणीतरी काळ्या पेनने त्यावर रेघा मारून सात केले. त्या सातांवर आमचा क्लब बंद झाला. माझा एकच प्रश्न आहे, या रेघा कुणी मारल्या?”

गिलियनच्या मानेवर लाल चट्टे उठले. तिने महापौरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हात खाली घेतला नाही. हाच तो क्षण होता, पाच आठवडे घोळवलेला, आणि मला तो साखरेसारखा गोड लागत होता.

“मी काहीही खोडाखोड केलेली नाही,” ती म्हणाली. आवाज चिरकला होता. “पाकीट तसंच आलं होतं, बंद. आणि ते अक्षर कुणाचं आहे हे मी बघताक्षणीच ओळखलं होतं.”

बोलताना तिची नजर पहिल्या रांगेकडे गेली. फक्त एकदाच, पण गेली.

मीही तिकडे बघितलं. आई हिरव्या ब्लाउजमध्ये बसली होती, दोन्ही हात मांडीवर. ते हात नाचत होते. आयुष्यात हजारदा बघितलेले हात. मी कागदाकडे बघितलं. त्या रेघा चोरीच्या भीतीने कापलेल्या नव्हत्या. भूकंप होता तो. ज्या हातात मी रोज चमचा धरवते, त्याचं अक्षर मला ओळखता आलं नव्हतं, कारण मला ते गिलियनचंच हवं होतं.

“हो,” आई म्हणाली. माईक नव्हता, तरी मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. “माझ्याच आहेत. मीच मारल्या.”

माझ्या हातातला कागद एकदम जड झाला. खाली उतरून, खुर्ची ढकलत, त्या दारातून निघून जावं असं वाटलं. मागे कुणी तरी कुजबुजलं. गिलियनने सुस्कारा सोडला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “सोन्या, जाऊ दे. झालं गेलं.”

तिने तो हात ठेवायला नको होता.

“बघताक्षणी ओळखलं होतंत?” मी म्हटलं.

“अगं...”

“दोन हजार वीसच्या मे महिन्यात? म्हणजे तुम्हाला माहीत होतं की त्या सातांखाली एक आहेत. माहीत होतं की आईने घाबरून सात केले. कशाला घाबरून, तेही माहीत होतं. मग तुम्ही आला का नाहीत?”

“मला तो हॉल हवा होता, कीली. लोक उपाशी होते. खरंच उपाशी होते.”

“हॉल घ्यायचा होता. टेबलसुद्धा घ्यायचं होतं. आमच्या दारात गाडी बंद करून एक प्रश्न विचारायला हॉल लागत नव्हता.”

मेडलची फीत तिने दोन बोटांत धरली आणि मान खाली घातली. अगदी मला हवी होती तशी. मी बघून घेतलं, पुरेपूर बघून घेतलं, आणि मग उतरले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मॉरीनने दार उघडून धरलं आणि पहिल्यांदाच आईबद्दल काही विचारलं नाही.

टॅक्सीत मी आईच्या खुर्चीचे पट्टे आवळले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. घरी आल्यावर फळीवरून तिला पलंगावर सरकवलं, बूट काढले, लिपस्टिक पुसली. जरा जोरातच पुसली. तिने ओठ मागे घेतला नाही.

“बोल तरी,” ती म्हणाली.

“काय बोलू? दोन वर्षं मी पडद्याआडून रस्ता बघत होते. ती येईल म्हणून. आणि तू बघत होतीस मला बघताना.”

“हो.”

“जीभ तरी ऐकते म्हणे. जिभेनेच पाकीट चिकटवलंस.”

“हो.” तिचे डोळे भरले, पण आवाज तसाच राहिला. “कोपऱ्यावरच्या डॉनाची पोरं सरकारने तिच्यापासून काढून नेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. दोन सोशलवाल्या बायका, गोड बोलत आल्या, चहा प्यायल्या, कागद भरले. मग मोठी एका गावी, धाकटा दुसऱ्या. तुझे ते एक बघितले आणि मला त्या बायका दारात दिसल्या. आधी पेन दातात धरलं, मग मुठीत. आठ रेघांना पाऊण तास लागला. तू दुकानाच्या रांगेत होतीस.”

“मला विचारायचं होतंस.”

“काय विचारणार? प्रत्येक चौकटीत उत्तर होतं. आई असून मला ते कागदावर वाचावं लागलं, याचीच लाज वाटली.” तिने मान माझ्याकडे वळवली. “मी तुला बुधवारातून तोडलं. त्याची माफी मी मागणार नाही, मागितली तर तू देऊन टाकशील. तू तशीच आहेस.”

हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. मी चहा ठेवायला गेले. चहा तिच्या नळीच्या कपात ओतला, गार होऊ दिला, आणून तिच्या तोंडाशी धरला. भांडण असो नसो, नळी धरावीच लागते. आमच्या घरात पाय आपटत निघून जायची सोय नाही.

“नवव्या प्रश्नाला मी हात लावला नव्हता,” दोन घोट घेऊन ती म्हणाली.

मी खिशातला कागद काढला. नववा प्रश्न होता, ‘तू जशी आहेस तशी तुला स्वीकारणारं जवळचं माणूस आहे का?’ त्यापुढे सात. निळा, दाबून लिहिलेला, चौदा वर्षांच्या माझा.

“तेवढा सात वाचवायला बाकीचे आठ बिघडवले,” आई म्हणाली. “आता लिहायचं म्हटलं तर नवव्याला किती देशील?”

मी तिच्याकडे बघितलं. विस्कटलेले केस, लिपस्टिक गालावर फासलेली. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि कप भिंतीवर फेकावासाही वाटत होता. दोन्ही सारखंच.

“तीन,” मी म्हटलं.

आईने मान हलवली. रडत होती, तरी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात ती जुनी वात्रट बाई हलली. “तिनाच्या डोक्यावर रेघ मारून काही होत नाही गं.”

“म्हणूनच तीन दिला,” मी म्हटलं आणि नळी पुन्हा तिच्या ओठांशी नेली.